चेट बारानोव्स्कीचं सरपण

बेंट पाइनच्या तळावर तुम्ही गाडी लावलीत, तंबूची पहिली मेख ठोकलीत, की चेट बारानोव्स्की हजर झालाच म्हणून समजा. गोल्फ कार्ट थांबवतो, टोपी जरा वर करतो, पोरांची नावं विचारतो, आणि बोलता बोलता मान तिरकी करून तुमच्या डिकीत डोकावतो. "लाकडं कुठून आणलीत?" पाऊस येणार का, मासे कुठल्या बाजूला लागतायत, शॉवरचं पाणी कधी गरम असतं, हे सगळं तो सांगतो, पण नंतर. आमचे हे त्याला जकात नाका म्हणतात.

चेट हा तळाचा होस्ट. पगार वगैरे काही नाही. उन्हाळाभर सरोवराच्या काठाला फुकट राहायचं, आणि त्या बदल्यात शेकोट्यांची लोखंडी कडी साफ करायची, बर्फाच्या पिशव्या द्यायच्या, कुणाचा जनरेटर अवेळी घोंघावला तर जाऊन दोन शब्द सुनवायचे. मूळचा तो डेट्रॉइटच्या बाजूच्या लिव्होनियाचा. मोटारींच्या कारखान्यात साचे घडवण्यात जन्म गेला. वयानं माझ्याहून चांगला पंधरा वर्षांनी मोठा, पण रोज सकाळी चट्ट्यापट्ट्यांच्या पायजम्यात, खांद्यावर टॉवेल टाकून बाथरूमकडे निघालेल्या माणसाला अहो-जाहो करणं मला काही जमलं नाही. त्याची बायको डोलोरेस त्याच्याहून दोन बोटं उंच आहे आणि पत्त्यांच्या युकरच्या डावात चुकीचं पान टाकलं की त्याला सगळ्यांसमोर ढ म्हणते.

आमची ओळख पोरं लहान होती तेव्हापासूनची. जुलैत शेजारशेजारच्या जागा मिळाव्यात म्हणून दोन्ही घरं भर थंडीत फोनला चिकटून बसायची. सकाळी मी स्टोव्हवर पोहे टाकले की चेट आपली कागदी थाळी घेऊन यायचा आणि "ते पिवळं" मागायचा. दुपारी डोलोरेस पिरोगी, म्हणजे त्यांच्याकडच्या उकडलेल्या करंज्या, पाठवायची, ह्यांच्यासाठी बटाट्याच्या वेगळ्या. संध्याकाळ मात्र चेटची. त्याच्यासारखी शेकोटी अख्ख्या तळावर कुणाला लावता यायची नाही. आमचे हे अर्धा डबा रॉकेल आणि आठवड्याचं वर्तमानपत्र संपवून धूर काढायचे, तोवर चेटच्या जाळावर पोरांचे मार्शमेलो काळे होऊन झालेले असायचे.

त्यातली निम्मी करामत लाकडाची होती हे तो स्वतःच सांगायचा. अ‍ॅशचं लाकूड. एका घावात सरळ फुटतं, ओलं असलं तरी पेटतं, डोळ्यांत धूर जात नाही. चेट घरून ट्रेलरभर लाकूड ताडपत्रीखाली घालून आणायचा आणि मागेल त्याला द्यायचा. न मागणाऱ्यालाही द्यायचा. निघताना जे उरेल ते शेकोटीपाशी नीट रचून ठेवायचं, पुढच्यासाठी, ही तळावरची जुनी रीत. कुठे लिहिलेली नव्हती, पण उरलेली लाकडं परत गाडीत भरणारा माणूस हलका समजला जायचा. चेटची उरलेली रास एवढी मोठी असायची की तो ती झाकून जायचा, आणि पुढच्या वसंतात जो पहिला येईल त्याच्या शेकोटीची सोय व्हायची. त्या जाळावर आम्ही सगळ्यांनीच हात शेकलेत.

मग त्यांच्या लिव्होनियातल्या गल्लीतली झाडं वाळायला लागली. दुतर्फा अ‍ॅशच लावलेले होते, सगळे एका वयाचे. एका उन्हाळ्यात शेंडे उघडे पडले, पुढच्या उन्हाळ्यात झाडं मेली. कशानं मेली ते तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं. चेटनं दारातलं झाड स्वतः पाडलं, फोडलं, आणि फुकट जाऊ नये म्हणून आमच्यासाठी घेऊन आला. त्यानंतर कधीतरी त्या हिरव्या भुंग्याचं नाव कानावर आलं. कुठल्याशा परदेशी खोक्याच्या फळ्यांतून आलेला, चमकी लावल्यासारखा दिसणारा, तांदळाच्या दाण्याहून थोडा मोठा. त्याच्या अळ्या सालीखाली वळणावळणाचे रस्ते कोरतात आणि झाडाचा रस तोडतात. भुंगा स्वतःहून फार लांब जात नाही, त्याला माणसं नेतात, सरपणातून. मग तळाच्या फाटकावर त्याच्या चित्राचा फलक लागला, की बाहेरची लाकडं आणू नका, इथली घ्या, इथेच जाळा. चेटनं आणणं थांबवलं आणि आमच्यासारखाच ऑर्विल स्प्रेगकडून मोळ्या घ्यायला लागला.

ऑर्विलची जमीन फाटकाच्या समोरच होती. रस्त्याकडेला पत्र्याचं छप्पर, त्याखाली रचलेल्या मोळ्या, खांबाला पैशाचा डबा. माणूस कधी दिसायचा, कधी नाही. दिसला तरी बोलायचा नाही, फक्त एक बोट टोपीला लावायचा.

फलक लागून दोन वर्षंही झाली नसतील आणि आमच्या तळावरची झाडं जायला लागली. आधी शेंड्याची पानं विरळ झाली, मग बुंध्यातूनच वेडेवाकडे फुटवे आले, सुतार पक्ष्यांनी साली उचकटून टाकल्या. त्यानंतर करवती आल्या. सरोवराच्या बाजूचे सगळे अ‍ॅश पाडले, बुंधे तेवढे राहिले. ज्या जागेवर आम्ही भर दुपारी सावलीत पत्ते कुटायचो तिथे ताटात ऊन यायला लागलं. माणसं चिडली. चिडलेल्या माणसांना कुणीतरी लागतं, आणि शनिवारच्या पंगतीत, जिथे सगळे आपापला एकेक पदार्थ घेऊन येतात, कुणीतरी ऑर्विलचं नाव घेतलं. त्याच्याकडे लाकूड येतं कुठून, म्हणाले. स्वस्तात मिळेल तिथून आणत असणार. मग एकानं चेटला विचारलं, तुला लाकडातलं कळतं, त्याचा माल इथलाच असतो का रे?

चेट बटाट्याच्या सॅलडचा मोठा चमचा हातात धरून उभा होता. म्हणाला, "कोण जाणे."

तेवढं पुरलं. लोक ऑर्विलच्या छपरासमोरून गाडी न थांबवता जायला लागले. त्याच्या पाटीवर कुणीतरी रंगानं "झाडं मारणारा" असं लिहून ठेवलं. पुढच्या उन्हाळ्यात छप्पर होतं, मोळ्या नव्हत्या. त्यानंतर चेट होस्ट झाला आणि लाकडांच्या मागे हात धुऊन लागला. आम्हाला वाटलं, निवृत्त माणसाला काहीतरी उद्योग हवा. तो सुरू झाला की आम्ही एकमेकांना डोळे मारायचो.

ह्या ऑगस्टमध्ये आमच्या पलीकडच्या जागेवर ओहायोहून एक जोडपं आलं. तिशीही ओलांडलेली नसेल, कडेवर तान्हं मूल, तंबू इतका नवा की अजून दुकानाच्या घड्या मोडल्या नव्हत्या. चेट गेला, टोपी वर केली, बाळाचं नाव विचारलं, आणि गाडीमागच्या छोट्या ट्रेलरची ताडपत्री उचलली. मी तिथून दहा पावलांवर काकडी चिरत होते. तो नवरा हसत हसत सांगत होता की आजोबांच्या अंगणातलं झाड वाळून पडलं, आजोबांनी हौसेनं लावलेलं, फुकट जाऊ नये म्हणून घेऊन आलो, सगळ्यांना पुरेल, तुम्हीही घ्या.

चेट ओरडला. मी त्याला इतक्या वर्षांत ओरडताना ऐकलं नव्हतं, डोलोरेसनं ढ म्हटल्यावरही नाही. फलक वाचता येत नाहीत का, डोळे घरी ठेवून आलात का, ते बुंधे दिसतायत ना, ते तुमच्यासारख्या माणसांनी केलंय. तो नवरा पुन्हा पुन्हा म्हणत होता, "सर, आम्हाला खरंच माहीत नव्हतं." बायको रडायला लागली, तिच्यामुळे बाळ रडायला लागलं. चेटनं लाकडं उतरवून घेतली, आणि ती माणसं नवा तंबू कसाबसा कोंबून निघून गेली. मी बाळासाठी केळं घेऊन धावले तोवर गाडी वळली होती.

सापडलेलं लाकूड लगेच जाळायचं असा नियम आहे. चेटनं उन्हातच शेकोटी पेटवली आणि एकेक ओंडका घालत तिच्यासमोर बसला. बाहेर इतका उकाडा, आणि हा जाळासमोर. संध्याकाळ होत आली तरी उठेना, म्हणून मी लिंबाचं सरबत घेऊन गेले आणि त्याची चांगली खरडपट्टी काढायची असं ठरवूनच बसले.

"त्याला माहीत नव्हतं, रजनी," तो म्हणाला.

"मग ओरडलास कशाला?"

"मला माहीत होतं."

मला आधी काही कळेना. मग तो जाळाकडे बघत सांगत गेला. फलक लागला त्या उन्हाळ्याची गोष्ट. भुंग्याचं त्यानं घरी पेपरात वाचलं होतं, चित्रही पाहिलं होतं. पण दारातल्या झाडाचं निम्मं लाकूड अजून गॅरेजमध्ये पडून होतं, फोडलेलं, खडखडीत वाळलेलं. लिव्होनियात शेकोटी लावणार कुठे? एक खेप, शेवटची, असं म्हणून त्यानं ट्रेलर भरला. वाटेत कुणी ताडपत्री उचलू नये म्हणून उजाडायच्या आत निघाला. आम्हाला सांगितलं, ही मागच्या वर्षीची उरलेली. आम्ही जाळली. जे उरलं ते त्यानं नेहमीसारखं आपल्या जागेमागे, पाण्याच्या टोकाला, तीन मोठ्या अ‍ॅशच्या मधे रचून झाकून ठेवलं. हिवाळाभर ते तिथे होतं.

"पहिली ती तीन झाडं गेली," चेट म्हणाला. "फाटकाजवळची नाही. त्यांचे शेंडे उघडे पडले तेव्हा बाकी सगळं हिरवं होतं. दुसऱ्या कुणी पाहिलं नाही, कारण दुसरं कुणी बघत नव्हतं. मी येता-जाता वर बघायचो."

ऑर्विलचं काय, असं मी विचारलं. पंगतीतलं ते वाक्य मला चांगलं आठवत होतं.

"त्यांनी ऑर्विलचं नाव घेतलं ना," तो म्हणाला, "तेव्हा मला हायसं वाटलं होतं."

मला त्याचा राग आला, खोटं कशाला बोलू. झाडांचा नाही आला. झाडांची चूक आपल्यापैकी कुणाच्याही हातून झाली असती, कौतुकानं आणलेलं लाकूड ते. पण त्या हायसं वाटण्याचा आला, आणि त्यानंतर इतके उन्हाळे दुसऱ्यांच्या डिक्या तपासत हिंडण्याचा आला. मी त्याला तसं बोलून दाखवलं. त्यांच्या राहायच्या ट्रेलरच्या जाळीच्या दारात डोलोरेस उभी होती. तिला सगळं ठाऊक होतं, हे तिच्या तोंडावरून दिसत होतं. ती म्हणाली, आता सांगून झाडं उगवणार आहेत का, तो ऑर्विल म्हातारा विसरूनही गेला असेल, झाकलेलं उकरू नकोस. चेट जाळ उकरत राहिला. शेवटचा ओंडका ढासळला तसा मला म्हणाला की तो ऑर्विलच्या पत्रपेटीपर्यंत कितीदा तरी जाऊन परत फिरलाय. "उद्या तू बरोबर चल. तू गाडीत असलीस की मला वळता यायचं नाही."

ऑर्विलचं घर रस्त्यापासून बरंच आत आहे. मी पहिल्यांदाच जात होते. वाटेच्या दोन्ही बाजूंना बुंधेच बुंधे, जमिनीलगत कापलेले, त्यांच्यावर गवत आलेलं. इथेही भुंगा पोचला म्हणायचा, मला वाटलं. ऑर्विल पडवीत टोपली मांडीवर घेऊन घेवड्याच्या शेंगा मोडत बसला होता. बारीक झाला होता. चेटला पाहून त्यानं टोपीला एक बोट लावलं आणि खुर्च्या दाखवल्या.

आणि मग चेटनं टोमॅटोचा विषय काढला. यंदा टोमॅटोला करपा लागलाय म्हणे. ऑर्विल हो म्हणाला. मग चेटनं पावसाचा काढला. मग ऑर्विलच्या जुन्या ट्रॅक्टरचा कार्ब्युरेटर कुठल्या मेकचा आहे ते विचारलं. ट्रॅक्टरच्या टायरांवर गाडी यायला लागली तेव्हा मी त्याच्या बुटावर माझा बूट ठेवला आणि दाबला.

तेव्हा त्यानं सांगितलं. गाळलं काही नाही. गॅरेज, पेपर, उजाडायच्या आत निघणं, तीन झाडं, पंगत, "कोण जाणे". सगळा वेळ तो ऑर्विलच्या हातांकडे बघत होता. त्या हातांनी शेंगा मोडायचं थांबवलं होतं.

"माझ्या बाजूपासून, फाटकापासून सुरू झालं नव्हतं?" ऑर्विलनं विचारलं.

"नाही, ऑर्विल. पार दुसऱ्या टोकाला. माझ्या जागेमागे."

"तुम्ही नक्की सांगताय."

"मी स्वतः पाहिलंय. तुमच्या बाजूची झाडं सगळ्यांत शेवटी गेली."

म्हातारा अंगणाकडे वळला. मग हळूहळू बोलायला लागला, आमच्याशी कमी आणि अंगणाशी जास्त. झाडं जायच्या आधीच्या वसंतात त्याची पाठ धरली होती, लाकूड तोडणं होत नव्हतं, म्हणून रस्त्यानं जाणाऱ्या एका ट्रकवाल्याकडून त्यानं गाडीभर माल घेतला होता. कुठला, ते विचारलं नव्हतं. तळावरची झाडं वाळली तेव्हा त्यानं आपल्या ढिगातलं एक लाकूड उचलून साल काढली, तर खाली ते वळणावळणाचे रस्ते. त्याला वाटलं, आपणच. पाटीवर कुणी काय लिहिलं ह्यानं त्याला काही फरक पडला नाही. ते खरंच आहे असं समजून त्यानं ते पुसलंही नाही. छप्पर त्यानं स्वतः बंद केलं. मग स्वतःच्या जमिनीवरचा एकूण एक अ‍ॅश पाडला, पानांनी भरलेले, अंगाला काही न झालेलेसुद्धा, आपल्यापासून आणखी कुठे जाऊ नये म्हणून. बायको बर्निस कपडे वाळत घालायची दोरी बांधलेलं एक झाड तरी ठेव म्हणत होती. त्यानं ते पण ठेवलं नाही.

मी चेटकडे बघितलं. काल तो मला जे सांगत होता ते एका निरपराध माणसाबद्दल होतं, ज्याच्यावर आळ आला पण ज्याला आपण निर्दोष आहोत हे ठाऊक होतं. अशा माणसाची माफी मागता येते. हा समोरचा माणूस इतकी वर्षं चेटचा गुन्हा आपला म्हणून सांभाळत बसला होता, आणि आम्ही सगळे रस्त्यापलीकडे पत्ते खेळत होतो. येताना दिसलेले ते बुंधे भुंग्यानं नव्हे, ह्यानं कापलेले होते. मला तिथे बसवेना.

"पोहायला मी त्या सरोवरात शिकलो," ऑर्विल म्हणाला. "बर्निसला पहिल्यांदा तिथेच पाहिलं. झाडं पाडल्यावर मी पुन्हा आत पाऊल टाकलं नाही. ती गेली त्या उन्हाळ्यात तिला चालवत नव्हतं. रोज संध्याकाळी म्हणायची, मला पाण्याकडे ने. उतरत नाही, गाडीतूनच बघते. मी म्हणायचो, उद्या. त्या बुंध्यांसमोर मला जायचं नव्हतं. रोज उद्या म्हणत राहिलो."

त्यानं टोपलीतून एक शेंग घेतली, मोडली, आणि दोन्ही तुकडे तसेच परत टाकले.

"म्हणजे मला नेता आलं असतं," तो म्हणाला.

चेटनं माफी मागायला तोंड उघडलं. काय बोलला ते मला नीट ऐकूही आलं नाही. ऑर्विल रागावला नाही, आवाज चढवला नाही. आता जा तुम्ही, एवढंच म्हणाला, आणि उठून आत गेला. टोपली पडवीतच राहिली.

बोलून टाकलं की मन हलकं होतं असं लोक सांगतात. चेटचं झालं नाही. शनिवारी पंगतीत त्यानं टोपी काढून सगळ्यांना सांगितलं. मला वाटलं होतं लोक चवताळतील, कारण ऑर्विलवर चवताळलेलेच बरेचसे तिथे होते. पण चेट त्यांचा होता. कुणीतरी म्हणालं, अरे, आपल्यापैकी कुणाच्याही हातून झालं असतं. दुसऱ्यानं पाठ थोपटली. तिसऱ्यानं त्याच्या थाळीत कणीस आणि सॉसेज वाढलं. ह्या माणसानं त्यानंतर तळासाठी किती केलं त्याची उजळणी झाली. ऑर्विलकडे जायला हवं, असं एकीला सुचलं, आणि बाकीच्यांनी हो हो म्हटलं, आणि मक्याला लोणी लावलं. चेटनं रेंजर केंड्राला दुसरा होस्ट बघायला सांगितलं. ती म्हणाली, हंगाम तर संपवा. इतक्या स्वस्तात सुटला ह्याचाच त्याला त्रास झाला. त्या रात्रीचं जेवण त्यानं कचऱ्याच्या डब्यात टाकलेलं मी पाहिलं.

दुसऱ्या दिवशी ऊन कलल्यावर तो पिकअप घेऊन ऑर्विलकडे गेला आणि पाण्याकडे येता का म्हणून विचारलं. ऑर्विल म्हणाला, आज नको. तेव्हापासून रोज. आमचा मुक्काम होता तोवर एकही संध्याकाळ त्यानं चुकवली नाही. जातो, पायरीशी उभा राहून विचारतो, तो आज नको म्हणतो, हा बरं म्हणतो आणि परत येतो. डोलोरेस चिडते. तिच्या हातात पत्ते असतात, चौथा भिडू नाही म्हणून डाव अडलेला असतो, आणि हा निघालेला असतो.

आम्ही निघालो तो सप्टेंबरातला पहिला सोमवार होता. तळ निम्मा रिकामा झाला होता, लोक तंबूपुढची कापडी छतं गुंडाळत होते. आमचे हे छपराला दोऱ्या आवळत होते तेवढ्यात चेट पिकअपमध्ये चढताना दिसला. मी खिडकीपाशी गेले. म्हटलं, तो येणार नाही रे चेट. ज्या पाण्याकडे बायकोला नेलं नाही तिथे तो तुझ्याबरोबर कशाला येईल?

"माहीत आहे," तो म्हणाला.

"मग रोज कशाला जातोस?"

"इथे सगळ्यांनी मला पाच मिनिटांत माफ केलं, रजनी. एकानं तरी मला रोज नाही म्हणायला हवं."

मला तो बिचारा वाटला आणि त्याच क्षणी त्याचा पुन्हा राग आला. माझ्या तोंडाला लगाम नाही हे आमच्या घरी सगळ्यांना ठाऊक आहे.

"आणि तू रोज विचारायला गेलास की त्याला बर्निस आठवते," मी म्हटलं, "ते कुणासाठी?"

चेटनं माझ्याकडे बघितलं. त्यानं हा विचार केलेला नव्हता. खरंच केलेला नव्हता. किल्ली फिरवलेली होती, इंजिन चालू होतं, आणि त्याचे दोन्ही हात चाकावर तसेच राहिले. ह्यांनी मला हाक मारली, आम्हाला उजेडात मोठा रस्ता गाठायचा होता. मी गाडीत बसले. वळणावर मागे पाहिलं तेव्हा पिकअप जागच्या जागी सुरू होती. तो उतरलाही नव्हता आणि निघालाही नव्हता.